उपरोक्त : एका चुकीचा मागोवा

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी लिहिलेल्या एका टिपणीतला एक शब्द अधीक्षकांनी लाल शाईने खोडला. शब्द होता 'उपरोक्त'. त्याच्या डोक्यावर त्यांनी 'उपर्युक्त' असे लिहिले, नस्ती माझ्याकडे सरकवली आणि सगळ्या कार्यासनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संस्कृत येत नसेल तर मराठीत लिहावं." दोघे-तिघे हसले. मीही हसलो. दुसरे काय करणार?

आमच्या गावच्या शाळेत संस्कृत नव्हते. आठवीत संस्कृत घ्यायचे की हिंदी, हा प्रश्न शहरातल्या मुलांना पडायचा. आम्हाला तो कोणी विचारला नाही. त्यामुळे 'उपरोक्त'मध्ये काय चुकले, ते मला त्या दिवशी कळले नाही आणि विचारायची छातीही झाली नाही. पुढची कित्येक वर्षे मी 'उपर्युक्त' लिहीत राहिलो, तेही न कळता. आधी न कळता चुकत होतो, आता न कळता बरोबर लिहीत होतो, एवढाच फरक.

चाळिशी ओलांडल्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक हाती लागले. ते घेऊन, पाठ एकपासून, रात्रीच्या जेवणानंतर मी संस्कृत शिकायला बसलो. अव्ययांशी पोचलो तेव्हा 'उपरि' हा शब्द भेटला. वर, वरती, वरून. एवढासा शब्द, विभक्ती नाही, वचन नाही, चालवायचा नाही. तरी पुढची काही वर्षे मी त्याच्या मागे हिंडलो. या लेखात मांडतो आहे ते त्या हिंडण्यात जे हाती लागले ते. माझी चूक नेमकी कुठे होती, हे मला एकदा स्वच्छ पाहायचे होते.

सदरहू, मजकूर आणि नंतर

कागदावर आधी लिहिलेल्या गोष्टीकडे पुन्हा बोट दाखवणे, ही कारकुनाची रोजची गरज. ती काही इंग्रजांच्या किंवा आपल्या काळात निर्माण झाली नाही. पेशवाईतले कोणतेही छापील पत्र उघडले, तर तिथे 'सदरहू' आणि 'मजकूर' हे दोन शब्द पावलोपावली भेटतात. 'मजकूर' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला आहे तो'. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेला गाव. पुढे या शब्दाने पालखी बदलली आणि तो उल्लेख झालेल्या गोष्टीऐवजी लिहिलेल्या सगळ्या ऐवजाचेच नाव झाला. आज आपण 'पत्रातला मजकूर' म्हणतो. 'सदर' हाही मूळ अरबी. छाती, पुढचा भाग, अग्रस्थान हे त्याचे अर्थ. वाड्याची सदर आणि 'सदर इसम' यांतला सदर एकच. कागदाच्या अग्रभागी, म्हणजे वर, जो आला आहे तो सदरहू.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. तरी पुढच्या शतकात दफ्तरातून 'सदरहू' हलला नाही. कारकुनाची लेखणी कोशाच्या आज्ञेत नसते, सवयीच्या आज्ञेत असते. आजही पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात 'सदर इसम' सुखाने नांदतो आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, राजभाषा अधिनियम १९६४ चा. इंग्रजीतला कारभार मराठीत आणायचा म्हणजे शेकड्यांनी शब्द हवे होते, आणि ते बहुतांशी संस्कृतातून घडवले गेले. त्या वळणाच्या भाषेत आधी लिहिलेल्याला 'उपर्युक्त' किंवा 'उपरिनिर्दिष्ट' म्हणायचे. हे शब्द कचेरीत उतरले, ते ज्यांना लिहायचे होते त्यांतल्या पुष्कळांच्या शाळेत संस्कृत नव्हते. त्यांनी कानाला जे ओळखीचे वाटले ते लिहिले. 'पूर्वोक्त' ओळखीचा होता, 'सर्वोपरि' ऐकलेला होता, 'याउपर', 'त्याउपर' बोलण्यात होते. हिंदी पत्रव्यवहारातही 'उपरोक्त' सर्रास होता. मग 'उपर' अधिक 'उक्त', उपरोक्त. पूर्व अधिक उक्त पूर्वोक्त होते, तर यात वावगे काय?

वावगे इतकेच, की संस्कृतात वरच्या जागेचा शब्द 'उपर' नाही, 'उपरि' आहे. शेवटी इकार आहे. इकारापुढे वेगळा स्वर आला की इकाराचा 'य्' होतो. प्रति आणि एक मिळून प्रत्येक, इति आणि आदि मिळून इत्यादी, अति आणि अंत मिळून अत्यंत. तसेच उपरि आणि उक्त मिळून उपर्युक्त. प्रत्येक, इत्यादी, अत्यंत हे शब्द मी जन्मभर बिनचूक लिहीत आलो होतो. नियम माझ्या हातात होता, फक्त त्याची मला ओळख नव्हती.

पाणिनीचे पंधरा सूत्रांचे होकायंत्र

इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास पाणिनीने अष्टाध्यायी रचली. तिच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, सत्ताविसाव्या सूत्रापासून एकेचाळिसाव्यापर्यंत, पंधरा सूत्रे दिशा आणि स्थान दाखवणाऱ्या शब्दांना दिली आहेत. पुरः, पुरस्तात्, अधः, अधस्तात्, पश्चात्, दक्षिणतः, उत्तरेण असे सगळे शब्द तिथे घडतात. एकतिसावे सूत्र 'उपरि' आणि 'उपरिष्टात्' या जोडीचे. परंपरेने त्याची फोड अशी केली आहे : 'ऊर्ध्व' या शब्दाच्या जागी 'उप' येतो आणि त्याला प्रत्यय लागतो. आजचे भाषाशास्त्र 'ऊर्ध्व'पर्यंत जात नाही. ते 'उप'च्याच कुळात 'उपरि'ला बसवते. ते पुढे येईलच.

या पादातली पहिली गंमत अशी, की हे शब्द तीन विभक्तींचे काम एकट्याने करतात : सप्तमीचे, पंचमीचे आणि प्रथमेचे. 'तो वर राहतो', 'तो वरून आला' आणि 'वरचा भाग रम्य आहे' या तिन्ही ठिकाणी संस्कृतात नुसते 'उपरि' चालते. मराठीला दुसऱ्या वाक्यासाठी 'वरून' करावे लागते आणि तिसऱ्यासाठी 'वरचा'. शिकणारा पहिल्यांदा अडखळतो तो इथे. 'वरून'साठी तो पंचमीचा प्रत्यय शोधत बसतो, आणि अव्ययाला तर प्रत्यय लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कशाच्या वर? ते 'कशाच्या' कोणत्या विभक्तीत ठेवायचे? दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एकोणतीस, तीस आणि एकतीस अशा लागोपाठच्या तीन सूत्रांत याची वाटणी आहे. 'दक्षिणा', 'दक्षिणाहि' अशा शब्दांबरोबर पंचमी. 'दक्षिणतः', 'पुरः', 'अधः', 'उपरि' अशांबरोबर षष्ठी. आणि 'दक्षिणेन', 'उत्तरेण' अशा एनान्त शब्दांबरोबर द्वितीया. गावाच्या दक्षिणेला एवढेच सांगायचे तर ग्रामस्य दक्षिणतः. गावाच्या दक्षिणेला, पण लांब, तर ग्रामात् दक्षिणाहि. गावाला लागून दक्षिणेला, तर ग्रामं दक्षिणेन. अंतर मराठीत वेगळ्या शब्दाने सांगावे लागते. संस्कृतात ते अव्ययाच्या शेपटीत आणि सोबतच्या विभक्तीत असते.

कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला आपल्या घराचा पत्ता सांगतो, तेव्हा कुबेराच्या वाड्यापासून उत्तरेला हे सांगायला 'उत्तरेण' वापरतो. वाड्याच्या शब्दाचे तिथे दोन पाठ मिळतात, एक द्वितीयेचा 'गृहान्' आणि एक पंचमीचा 'गृहात्'. पाणिनीला धरून चालायचे तर पहिला. फरक एका अक्षराचा. पण पाणिनी वाचलेला वाचक त्या अव्ययातच ऐकतो, की यक्षाचे घर मालकाच्या वाड्याजवळच आहे. शिक्षा भोगत दूर रामगिरीवर पडलेल्या चाकराच्या तोंडी हे 'जवळच' किती बोलके आहे, ते मला व्याकरणाने शिकवले.

तेव्हा 'उपरि'चा पहिला नियम : षष्ठी. पर्वतस्य उपरि, गृहस्य उपरि, मम उपरि. समास केला तर षष्ठी लोपते आणि पर्वतोपरि होते. तिथला 'ओ' पर्वत शब्दाच्या अकारामुळे आलेला, 'उपरि'चा नव्हे. माझ्यासारख्यांच्या कानाने तो 'ओ' उचलला आणि भलत्या जागी चिकटवला.

१८६४ साली भांडारकरांनी आणि १८८१ साली वामन शिवराम आपट्यांनी इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हे सगळे सोप्या धड्यांत ठेवले. आपटे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. १८९२ साली, पस्तिशीही न गाठता ते गेले. त्यांच्या मार्गदर्शिकेत वाक्यरचनेवर भर आहे : शब्द माहीत असणे वेगळे आणि तो वाक्यात बसवणे वेगळे. मराठी माणसाची नेहमीची फसगत त्यामुळे उमजते. 'झाडावर पक्षी बसला' याचे संस्कृत करताना आपल्याला मराठी 'वर' दिसतो आणि आपण लगेच 'वृक्षस्य उपरि' लिहितो. ते चूक नाही, पण संस्कृताला तिथे नुसती सप्तमी पुरते : वृक्षे. जिथे वरचेपण मुद्दाम सांगायचे आहे तिथे 'उपरि' आणावा. उलट, 'माझ्यावर रागावला' इथे आपण बिचकतो, की असा 'वर' संस्कृतात चालेल का. चालतो. पंचतंत्रासारख्या कथांच्या गद्यात कोणाच्या तरी 'उपरि' राग धरलेला किंवा कृपा केलेली सापडते. राग आणि कृपा दोन्ही वरूनच पडतात, असे त्या लोकांनाही वाटत होते.

डोक्यावरचा घडा आणि आकाशातला चंद्र

'उपरि'चा दुसरा नियम मला सगळ्यांत आवडला. आठव्या अध्यायाच्या पहिल्या पादात सातव्या सूत्रात पाणिनी सांगतो, की उपरि, अधि आणि अधः हे तीन शब्द सामीप्य दाखवायचे असेल तर दोनदा उच्चारावेत. उपर्युपरि, अध्यधि, अधोऽधः. आणि वार्तिककारांच्या परंपरेतून आलेला नियम असा, की अशा दुहेरी शब्दांबरोबर षष्ठी नको, द्वितीया हवी. ढग गावाच्या वर आहेत, तर ग्रामस्य उपरि. ढग अगदी गावाला टेकल्यासारखे वरून जात आहेत, तर उपर्युपरि ग्रामम्. शब्द दोनदा आला, विभक्ती बदलली आणि आभाळ खाली आले.

सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनी लिहिलेल्या काशिकावृत्तीत या सूत्रावर दोन उदाहरणे येतात. सामीप्य असेल तरच, असे का म्हटले? कारण चंद्र वर आहे असे म्हणताना तो जवळ नसतो. तिथे शब्द दुहेरी होत नाही. हे सरळ आहे. मग पुढची शंका : डोक्यावर घडा घेतला आहे असे म्हणताना काय? घडा तर डोक्याला टेकलेलाच असतो, त्याहून जवळ काय असणार? मग तिथे 'उपर्युपरि' का होत नाही? उत्तर असे, की बोलणाऱ्याला तिथे जवळीक सांगायचीच नाही. वर काय आणि खाली काय, इतकेच सांगायचे आहे.

हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बसलो. वस्तुस्थिती काय आहे यावर शब्द ठरत नाही, बोलणाऱ्याला काय सांगायचे आहे यावर ठरतो. ज्या व्याकरणाचा मी जन्मभर धसका घेतला, ते पाण्याचा घडा घेऊन निघालेल्या माणसाकडे पाहून हा विचार करत होते. आमच्याकडच्या बाया विहिरीवरून येताना डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेत. त्यांना कोणी विचारले असते, की हंडा डोक्याजवळ आहे का, तर त्या हसल्या असत्या.

मराठीनेही दुहेरी 'वर'चे संसार मांडले आहेत. चेंडू 'वरच्यावर' झेलतो तो जमिनीला लागायच्या आत. 'वरवर' पाहतो तेव्हा पृष्ठभागाच्या आत शिरत नाही. 'वरचेवर' येणारा पाहुणा पुन्हा पुन्हा येतो. पाणिनीच्या सूत्राचा धागा थेट इथवर आला असा माझा दावा नाही. शब्द दोनदा उच्चारून अर्थ बदलणे ही आपल्या सगळ्या भाषांची जुनी खोड आहे. पण 'वरवर'मध्ये पृष्ठभागाची जी लगट आहे ती 'उपर्युपरि'ची आठवण करून देते खरी.

उवरि, अवरि, वर

आता मराठी 'वर'. हा 'उपरि'चाच वंशज, याबद्दल व्युत्पत्तिकार एकमताने बोलतात. वाट मात्र पाणिनीच्या अंगणातून जात नाही, लोकांच्या तोंडातून जाते.

पहिला टप्पा : दोन स्वरांमधला 'प' प्राकृतात 'व' होतो. दीपाचा दिवा झाला, कपाटाचे कवाड, तापाचा ताव. तसा उपरिचा उवरि. दुसरा टप्पा हेमचंद्राने नोंदवला आहे. गुजरातेत पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या आश्रयाने बाराव्या शतकात त्याने जे व्याकरण लिहिले, त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृतांचा विचार आहे. तिथे तो सांगतो, की 'उपरि'तल्या पहिल्या उकाराचा विकल्पाने अकार होतो; म्हणजे उवरिं आणि अवरिं, दोन्ही चालतात. अंगावरच्या वरच्या वस्त्राला 'अवरिल्ल' म्हणत, हेही तोच सांगतो. तिसरा टप्पा मराठीचा : आरंभीचा दुबळा स्वर गळणे. अरण्याचे रान झाले, अरघट्टाचा रहाट झाला. तसे अवरिचे वरि. ज्ञानेश्वरीच्या आणि महानुभावांच्या मराठीत 'वरि', 'वरी' दिसते. पुढे शेवटचा इकार गळला आणि उरला 'वर'. तीन अक्षरांच्या प्रवासात पुढचे आणि मागचे दोन्ही स्वर झिजले.

याच झिजेत आणखी एक शब्द सापडतो. उपविश् म्हणजे बसणे. त्याचाही आरंभीचा उकार असाच गळला आणि 'बैसणे', मग 'बसणे' झाले. दारात आलेल्या माणसाला आपण 'वर बसा' म्हणतो, तेव्हा एकामागोमाग दोन असे शब्द उच्चारतो ज्यांनी आपापला 'उ' वाटेत टाकून दिला आहे.

हिंदीची वाट वेगळी. तिथे 'प' टिकला, कारण अपभ्रंशात 'उप्परि' असे जोडाक्षर असलेले रूप होते; त्यातून 'ऊपर' आला. मराठीतल्या 'याउपर', 'त्याउपर'मधला 'उपर' त्याच घराण्याचा. म्हणजे मराठीत या कुळाचे तीन सदस्य एकाच वेळी राहतात : पुस्तकातून आलेला 'उपरि', बोलण्यातला 'उपर' आणि घरचा 'वर'.

भारताबाहेरही हे कुळ मोठे आहे. अवेस्तात 'उपइरि', ग्रीकमध्ये 'हुपेर', लॅटिनमध्ये 'सुपर', जर्मनमध्ये 'यूबर', इंग्रजीत 'ओव्हर'. ही सगळी एका मूळ भाषेतल्या एका शब्दाची रूपे. बांधकाम खात्यात पूर्वी 'ओव्हरसियर' असत, कचेरीत 'सुपरिंटेंडेंट'. दोन्ही शब्दांच्या दारात 'उपरि'चे भाऊबंद उभे आहेत. मराठीत त्या पदाला 'अधीक्षक' म्हटले. त्यातला 'अधि' म्हणजे पाणिनीच्या त्या तीन शब्दांतला मधला. वरून पाहणारा तो अधीक्षक. माझी टिपणी ज्यांनी खोडली त्यांच्या पदनामातच हा सगळा इतिहास होता, आणि तो त्यांना तरी कुठे ठाऊक असेल!

झाडांवरचा अनुस्वार

पाणिनीचा षष्ठीचा नियम मराठीत मेला असे मला वाटत होते. 'झाडावर' यात षष्ठी कुठे आहे? मग १८७७ च्या भांडारकरांच्या विल्सन व्याख्यानांच्या आणि ज्यूल ब्लॉकच्या मराठीवरील ग्रंथाच्या वाटेने गेलो. ब्लॉकचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली निघाला, वा. गो. परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. अशा अभ्यासातून दिसते ते असे, की आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो ते काही नुसते 'वाकवलेले' नाम नव्हे. जुन्या विभक्तींचे ते अवशेष आहेत. 'झाडा-' या एकवचनी रूपामागे षष्ठी की चतुर्थी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अनेकवचनात शंकेला जागा नाही. 'झाडांवर' यातला अनुस्वार म्हणजे संस्कृत षष्ठी अनेकवचनाच्या 'आनाम्'चा, प्राकृतातल्या 'आणं'चा उरलेला कण आहे.

म्हणजे आपण 'डोंगरांवर', 'छपरांवर', 'लोकांवर' लिहितो तेव्हा तो टिंब द्यायचा, कारण 'उपरि'ला षष्ठी लागते. मुले परीक्षेत हा अनुस्वार विसरतात, वर्तमानपत्रांतही तो गळतो, आणि आम्ही त्याला शुद्धलेखनाची किरकोळ बाब समजतो. तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका सूत्राचा जिवंत साक्षीदार आहे. 'त्याच्यावर', 'माझ्यावर' यांत तर षष्ठी उघडच बसली आहे. 'त्याचा' आणि 'माझा' हेच तिथले पाये. ज्याने संस्कृतचे एक अक्षर वाचले नाही तो गुराखीसुद्धा 'तो वर' म्हणत नाही, 'त्याच्यावर' म्हणतो. सूत्र तो पाळतो. पाणिनीने ते ऐकून लिहिले, आणि याने ते आईकडून घेतले.

चूक नेमकी कुठे होती

शेवटी पुन्हा 'उपरोक्त'कडे. कोणी म्हणेल, की 'उपरि'चा 'वर' झाला ती उत्क्रांती आणि 'उपरि'चा 'उपर' झाला ती चूक, हा कुठला न्याय? शंका रास्त आहे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी 'गौः' या शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपशब्द सांगितले आहेत. त्यातल्या 'गावी'सारख्या रूपांच्याच वाटेवर पुढे आपली गाय उभी आहे. एका काळचा अपशब्द पुढच्या काळाची मातृभाषा होतो. मग 'उपरोक्त'लाही थोडी वर्षे द्यावीत, तो रुळेल.

मी या बाजूने बराच काळ विचार केला. माझी जखम होती, तेव्हा मला हे मत सोयीचेही होते. पण एक गोष्ट आडवी आली. वेदांच्या भाषेत 'उपर' नावाचा शब्द खरोखर आहे. ते विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ 'खालचा', 'जवळचा'. सोमवल्ली कुटताना खाली ठेवायचा दगड तो उपर. यज्ञातल्या यूपाचा जमिनीत पुरलेला भाग तो उपर. 'उपरि' म्हणजे वर आणि 'उपर' म्हणजे खालचा! नासदीय सूक्ताचा कवी विचारतो, की तेव्हा खाली काही होते का, वर काही होते का. तिथे त्याने 'उपरि' वापरला आहे, इकारासकट. तो इकार गेला तर दिशाच उलटू शकते. वेदाच्या कोशाने पाहिले तर माझ्या टिपणीतला 'उपरोक्त' म्हणजे 'खालच्यात सांगितलेला'. मी तीस ओळी वर बोट दाखवायला गेलो आणि बोट जमिनीत गेले.

इथे मला 'वर' आणि 'उपरोक्त' यांतला फरक कळला. 'वर' लोकांच्या तोंडात शेकडो वर्षे झिजला. त्याने कधी संस्कृत असल्याचा आव आणला नाही. 'उपरोक्त' तोंडात झिजलेला नाही. तो लेखणीने, एका दिवसात, संस्कृत दिसावा म्हणून घडवलेला आहे. चूक इकाराची होती, पण तिच्या मुळाशी होती ती दिसण्याची हौस. आपली भाषा साहेबापुढे कमी पडेल ही भीती. त्या भीतीने मी घरातला 'वर' मागच्या दारी बसवला आणि अनोळखी पाहुण्याला सदरेवर आणले.

याउलट, जो 'उपरोक्त' लिहितो त्याला हसण्याचा अधिकार मात्र कोणाला नाही. त्याने 'पूर्वोक्त'चा साचा ओळखला, 'याउपर'मधला जिवंत शब्द उचलला आणि नियमाने जोड दिला. हे अज्ञान नव्हे, अर्धवट पोचलेले ज्ञान आहे. ते पुरे पोचवण्याचे काम शाळेचे होते. ते झाले नाही, याची लाज त्या कारकुनाने का बाळगावी?

अधीक्षकांनी ते वाक्य टोमणा म्हणून उच्चारले होते. आज वाटते, टोमणा बाजूला ठेवला तर तो उत्तम सल्ला होता. संस्कृत येत नसेल तर मराठीत लिहावं. आता थोडे येते, तरी मी मराठीतच लिहितो. कागदावर आधी आलेल्या गोष्टीकडे बोट दाखवायचे असेल तर माझ्याजवळ शब्द आहे, आणि तो पहिल्या दिवशीही होता : 'वरील'. त्यात 'उपरि' आहे, तिचा प्रवास आहे, आणि चुकायला जागा नाही.